कण्णूरची वाचती विडीशाळा

मांडीवर सूप, सुपात जर्दा, हाताशी भिजवून कातरलेली टेंभुर्णीची पाने, आणि ओळीने बसलेल्या कामगारांपुढे मोठ्याने वर्तमानपत्र वाचणारा त्यांच्यातलाच एक सोबती, असे उत्तर केरळातील कण्णूरच्या विडीशाळेचे जुने दृश्य आहे. विडी वळताना डोळे आणि बोटे गुंततात, कान मात्र रिकामे राहतात. तेव्हा कामगारांनीच एक वाचक निवडावा, त्याने सकाळी वृत्तपत्रे आणि दुपारी कादंबरी किंवा राजकीय ग्रंथ वाचावा, आणि वाचण्यात त्याची जी मजुरी बुडेल ती इतरांनी आपापल्या विड्यांतून भरून द्यावी, असा प्रघात तेथे पडला. वाचक मालकाने नेमलेला नसे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पोटापुरते मिळवणाऱ्या माणसांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतला वाटा वाचनासाठी काढून ठेवला, तोही कोणाच्या फर्मानावाचून.

या धंद्यात मजुरी हजार विड्यांमागे ठरते. मक्तेदाराच्या अमलाखाली खरा जाच दराचा नसून छाटीचा असे: तयार विड्यांतून काही वाईट म्हणून बाजूला काढल्या जात, त्यांचे पैसे मिळत नसत, आणि त्या निवाड्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नसे. विडी व सिगार कामगारांसाठी 1966 साली केलेल्या कायद्याची अंमलबजावणी केरळ सरकारने हाती घेताच मंगळूरच्या मातबर कारखानदारांनी 1968 मध्ये कण्णूरकडील काम बंद केले, आणि सुमारे 12,000 कामगार एकाएकी उघडे पडले. मुख्यमंत्री नंबूद्रिपाद यांच्या सरकारने भागभांडवलासाठी कर्ज दिले, कामगार सभासद झाले, आणि 15 फेब्रुवारी 1969 रोजी ‘केरळ दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. जी. के. पणिक्कर तिचे पहिले अध्यक्ष.

पाने आणि तंबाखू यांची खरेदी व मालाची विक्री केंद्रीय संस्थेकडे, आणि प्रत्यक्ष उत्पादन गावोगावच्या प्राथमिक संस्थांकडे, अशी कामाची वाटणी झाली. या व्यवस्थेत कामगार सर्वस्वी मोकळा झाला असे मी म्हणणार नाही. विडीची लांबी ठरलेली, जर्द्याचे प्रमाण ठरलेले, आणि बाजारभाव तर कोणाच्याच हातचा नव्हे. बोटांची हालचाल कालची तीच राहिली. बदलले ते एवढेच की विडी छाट ठरली तर ती का ठरली हे विचारण्याचा हक्क आला, संचालक निवडण्यास मत आले, वर्षाचा हिशेब आपला म्हणून ऐकता आला; भविष्यनिर्वाह निधी, बोनस, प्रसूतीची रजा या गोष्टी कागदावरून उतरून घरात आल्या. ज्या सभासदाने वर्षानुवर्षे विड्या वळता वळता राजकारण ऐकले होते, तो वार्षिक सभेत मुका बसणार नाही, हे उघडच होते. मालकीने त्याला बोलायला शिकवले नाही. आधीच कमावलेल्या वाणीला तिने सभागृह दिले. भरभराटीच्या काळात या संस्थेत 40,000 हून अधिक माणसे काम करीत होती.

मात्र विडी हा आरोग्याचा वैरी आहे, आणि तिच्या खपावर उभारलेले सुख टिकावे अशी इच्छा धरणे मला जड जाते. खप घसरू लागला. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई केली. संस्थेने माणसांना वाऱ्यावर सोडण्याऐवजी धंदाच पालटण्यास घेतला: नारळाचे दूध, लोणची, मसाले, छत्र्या, तयार कपडे. पाने कातरण्यात आयुष्य गेलेले हात नव्या कामाला जुंपणे सोपे नव्हते, आणि विडीवर जगणाऱ्या साऱ्यांना सामावून घेण्याइतके हे नवे धंदे मोठेही नव्हते. तरी मला राहून राहून वाटते ते त्या वाचकाविषयी. शिवणयंत्रांच्या घरघरीतून त्याचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचावा कसा?