भात सोडला, तरी काटा का अडला?

आमच्या बालाघाटात भात सोडणं ही घरातली मोठी बातमी असते. वैनगंगेकाठचा हा धानाचा जिल्हा. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. अशा गावात मागच्या वर्षी मी आईला म्हणालो, "आई, आजपासून मला भात वाढू नकोस." तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

कारण गंभीर होतं. वय ३४, काम सॉफ्टवेअरचं, तेही घरूनच. वजन ८४ किलो, कंबर ९९ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० मानतात, बायकांसाठी ८०. रक्ततपासणीत एचबीए१सी ६.० आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बाबांनी तो उंबरठा पंचेचाळिशीतच ओलांडला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. त्या आकड्यात माझी भर पडायला नको होती.

म्हणून भात, पोळी, पोहे, साखर सगळं बंद केलं. त्याऐवजी अंडी, पनीर, फल्लीदाणे, भाज्या आणि वर सढळ हाताने तूप. सगळीकडे एकच ऐकलं होतं, "कार्ब्स कमी केले की कॅलरी मोजायची गरज नाही, पोटभर खा." पहिल्या दोन आठवड्यांत अडीच किलो उतरले. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही टाकला. त्यानंतर सहा आठवडे काटा जागचा हलला नाही.

पहिले अडीच किलो कुठे गेले?

आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी थांबली की हा साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जातं. म्हणजे सुरुवातीला जे उतरलं त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त होतं.

प्रोग्रॅम अडला की आम्ही अंदाज बांधत बसत नाही, नोंदी काढून पाहतो. इथेही तेच केलं. स्वयंपाकघरासाठी छोटा वजनकाटा आणला आणि दोन आठवडे खाल्लेलं सगळं लिहून ठेवलं. हिशेबाचा नियम सोपा आहे. एक ग्रॅम कर्बोदकं किंवा प्रथिनं म्हणजे सुमारे ४ कॅलरी, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९.

पूर्वी मी दिवसाला चार वाट्या भात आणि तीन पोळ्या खायचो. भाताच्या ८०० आणि पोळ्यांच्या ३००, म्हणजे जवळपास ११०० कॅलरी. ते बंद करून काय सुरू केलं? काम करता करता १०० ग्रॅम फल्लीदाणे, म्हणजे सुमारे ५६०. दीडशे ग्रॅम पनीर, सुमारे ४००. तीन मोठे चमचे तूप, तेही सुमारे ४००. बेरीज १३६०! जेवढं सोडलं, त्यापेक्षा जास्त जोडलं होतं. हिशेब लिहिला नाही म्हणून खर्च थोडाच थांबतो!

अभ्यास काय सांगतात?

मग कॅलरी मोजल्याच पाहिजेत का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कर्बोदकं कमी केली, निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं. साखर आणि मैदा टाळा, भरपूर भाज्या खा, घरचं ताजं खा, एवढंच सांगितलं होतं. वर्षअखेरीस कर्बोदकं कमी करणाऱ्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्या गटाचं ५.३ किलो. हा फरक नगण्यच. पण न मोजताही दोन्ही गटांचं खाणं दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी झालं होतं.

दुसरा अभ्यास २०२१ चा, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा. वीस जणांना तिथेच ठेवून दोन आठवडे अत्यंत कमी कर्बोदकांचा आणि दोन आठवडे कमी स्निग्धतेचा, वनस्पतीजन्य आहार दिला. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. कमी स्निग्ध आहारावर तीच माणसं दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खात होती. दोन आठवड्यांत वजन कमी कर्बोदकांच्या आहारावर जास्त उतरलं, पण शरीरातली चरबी ठळकपणे घटली ती कमी स्निग्ध आहारावर. माझ्या पहिल्या पंधरवड्याची गोष्ट हीच होती.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची जीवनशैली घरोघरी पोचली आहे. नागपूरच्या दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार ते सांगतात. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. त्यातही कॅलरी मोजत नाहीत आणि भर इन्सुलिनवर आहे. पण मधलं चरणं बंद झालं की बहुतेकांचं एकूण खाणं आपोआप कमी होतं, असं मला वाटतं.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: कॅलरीला महत्त्व आहेच, पण ती रोज मोजायलाच हवी असं नाही. कार्ब्स कमी केल्याने भूक शमत असेल, वजन आणि कंबर उतरत असेल, तर वही बंद ठेवा. तीन-चार आठवडे काटा अडला, तर दोन आठवडे प्रामाणिकपणे लिहून काढा. दाणे, तूप, तेल, पनीर आणि "नुसतं चाखून पाहिलं" हेही लिहा. गळती कुठे आहे ते सापडलं की पुन्हा वही बंद.

मोजमाप अगदी अचूक नसतंच. प्रत्येक घरची वाटी वेगळी, फोडणीचा हात वेगळा. शिवाय खाल्लेलं सगळं अंगी लागतं असंही नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या २०१२ च्या अभ्यासात अख्ख्या बदामांतून शरीराला हिशेबापेक्षा बऱ्याच कमी कॅलरी मिळाल्याचं दिसलं. म्हणून दहा-वीस कॅलरींसाठी जीव टाकू नका. ज्यांना प्रत्येक घासाची धास्ती वाटू लागते, त्यांनी मोजण्याच्या वाटेला जाऊच नये.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी एकदम तोडू नका. औषधाचा डोस तोच राहिला आणि कर्बोदकं घटली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. माझं पाहून बाबाही भात सोडायला निघाले होते. आम्ही त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस बदलला आणि मगच त्यांचा भात कमी केला.

मी फल्लीदाणे मूठभरावर आणले, तूप एका लहान चमच्यावर. वरण आणि मोड आलेली कडधान्यं वाढवली, रोज संध्याकाळी चालायला लागलो. सात महिन्यांत वजन ७७ किलो झालं, कंबर ९२, एचबीए१सी ५.७. उंबरठ्यावरून अजून पुरता उतरलेलो नाही, पण तोंड घराबाहेरच्या दिशेला वळलंय.

आणि भात? दुपारच्या जेवणात एक वाटी चिन्नोर परत आला आहे. आईने माझ्यासाठी एक वेगळी वाटी ठरवून ठेवली आहे. ती भरून ताटात उपडी करते आणि म्हणते, "घे, मोजलेला आहे."