सहरीनंतरची धाव, आगीशी झुंजण्यासाठी

सहरी आटोपली, फजरची नमाज झाली, की जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पोरांची धाव सुरू होते. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाचा डोळा अग्निशमन दलावर असतो. घड्याळ हातात धरून वेळ मोजणारा मित्र रोजेदार नसला, तरी पाण्याची बाटली मागे गाडीच्या डिकीत ठेवतो. रमजानमध्ये पहाटे हलका सराव आणि जोराची धाव इफ्तारनंतर, असे वेळापत्रक ही मुले आपापसात ठरवून घेतात.

महिनाभर तहान सोसण्याची सवय होते. भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणे त्याहून कठीण. रोजा कधी सुटणार ते रोज मिनिटासकट ठाऊक असते. महापालिका किंवा नगरपरिषदेत फायरमनची कायम जागा कधी निघेल, ते मात्र कुणी सांगत नाही. वय तेवढे वाढत राहते.

आधी कोर्स, मग जाहिरात

पोलीस भरतीची सवय असलेल्या घरांत एक गैरसमज हमखास असतो. जाहिरात आली की अर्ज करायचा, निवड झाली की प्रशिक्षण मिळेल. मुंबईत हे बऱ्याच अंशी खरे आहे. 2023 च्या सुरुवातीला मुंबई अग्निशमन दलाने अग्निशामकांच्या 910 जागांसाठी दहिसरच्या मैदानावर उमेदवार बोलावले. बारावीची अट होती, पुरुषांसाठी उंची 172 सेंटिमीटर आणि वेतनश्रेणी 21,700 ते 69,100 रुपये. खान्देशातली मुलेही अशा भरतीकडे आशेने पाहतात, पण उंचीच्या पट्टीखालीच अनेकांचा प्रवास संपतो.

लहान शहरांची रीत वेगळी. तिथे बहुतेक जाहिरातींत दहावीबरोबरच सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम आधीच पूर्ण केलेला लागतो. हा पाठ्यक्रम मुंबईत सांताक्रूझ येथील राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा. उंची 165 सेंटिमीटर, वजन 50 किलो, छाती 81 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त, अशी त्याची शारीरिक पात्रता. पदवीधरांसाठी वर्षभराचा उपस्थानक अधिकारी पाठ्यक्रम आहे. त्यापुढे जायचे असेल तर 1956 साली सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे.

फसगत इथेच होते. ‘फायर सेफ्टी’चा डिप्लोमा देणाऱ्या खासगी संस्था गल्लोगल्ली निघाल्या आहेत. आई दागिना गहाण ठेवून फी भरते आणि अर्जाच्या वेळी कळते, की जाहिरातीत मागितलेला कोर्स हा नव्हेच. पैसे भरण्याआधी दोन-चार जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचला, तर हा घाव टळतो. कोर्सच्या प्रवेशालाही वयाची अट असते. त्यामुळे दहावी-बारावीनंतर लगेच विचार केलेला बरा. चालक-यंत्रचालकाच्या जागेसाठी जड वाहनाचा परवाना लागतो. ज्या घरात ट्रकचा धंदा आहे, तिथल्या मुलांना ही वाट जवळची.

नगरपरिषदांतील अधिकारीपदांची भरती राज्यस्तरावर होते. 2023 साली नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने राज्य संवर्गातील 1,782 पदे जाहीर केली. त्यांत 372 पदे अग्निशमन सेवेची होती. जाहिरात राज्यस्तरावर निघाली, तरी नेमणूक एखाद्या तालुक्याच्या गावात होऊ शकते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

धावणे सोपे, कागद अवघड

मैदानावर पहिला आलेला मुलगा कागदपत्रांच्या टेबलापाशी अडखळतो. पिंजारी, मणियार, तांबोळी अशा मुस्लिम समाजांचा राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत समावेश आहे. यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी अनुसूचित जमातीत येतात. पण जातवैधतेसाठी इतर मागासवर्गाला 1967 पूर्वीचा, तर जमातीला 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मग जुना फेरफार, जन्म-मृत्यूची नोंद, चुलत घराण्याचा दाखला असा शोध सुरू होतो. त्यात वर्ष निघून जाते. हा त्रास एका समाजाचा नाही. शेजारच्या कोळी किंवा भिल्ल घरातही याच फायली फिरतात. म्हणून बारावीच्या सुट्टीतच हे काम हाती घेतलेले चांगले.

रिकामी खुर्ची गावालाही महाग

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका 2003 सालच्या. शहरे वाढली, वसाहती वाढल्या. नवी पदे भरताना मात्र आस्थापनेवरचा खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची शासनाची अट आडवी येते. ज्या पालिकेची वसुली कमी, तिच्या हाती कायम भरतीची वाट अरुंद. मग ठेकेदारामार्फत, मानधनावर माणसे घेतली जातात. आग त्यांना तीच, धूर तोच. पगार, रजा आणि उद्याची खात्री मात्र तीच नाही.

यात गावाचेही नुकसान आहे. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीवर वरून कितीही पाणी मारले, तरी आत ती धुमसत राहते. गंजी फोडून, पसरून विझवावी लागते. जळगावच्या चटई कारखान्यांतल्या प्लास्टिकचा धूर ज्वाळेआधी माणसाला घेरतो. तिथे श्वसनयंत्र लावून आत शिरणारा सरावाचा माणूस लागतो. हे शहाणपण वर्षानुवर्षे काम करून येते. दर काही महिन्यांनी माणसे बदलली, तर तेही त्यांच्याबरोबर निघून जाते. शिवाय 2006 च्या राज्य कायद्यानुसार इमारतमालकाने आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. ते तपासायलाही जबाबदार माणूस हवा.

खान्देशाने याची किंमत पाहिली आहे. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक जीव गेले. 18 एप्रिल 2023 रोजी साक्री तालुक्यातील वासखेडी शिवारात मेणबत्तीच्या कारखान्याला आग लागून चार महिला दगावल्या. तो 26 वा रोजा होता. मशिदींत शब-ए-कद्रची तयारी चालू होती. धुळे शहरातून तिथे पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. आग तेवढी वाट पाहत नाही. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावात बंब आणि तो चालवणारी कायमची माणसे असणे, ही केवळ बेरोजगार पोरांची मागणी राहत नाही. प्रभागात मते मागायला येणाऱ्याला जसे गटार आणि नळाबद्दल विचारले जाते, तसे अग्निशमनच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हेही विचारायला हवे.

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. एक जीव वाचवण्याचे मोल साऱ्या मानवजातीला वाचवण्याइतके मानणारी शिकवण कुराणाच्या सूरह माइदात आहे. आगीत किंवा पाण्यात सापडलेल्याला वाचवताना गरज पडली, तर रोजा सोडण्याची मुभा धर्मशास्त्राने दिली आहे. तो रोजा नंतर कजा म्हणून ठेवता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.

मगरिबची अजान होते. खजूर तोंडात टाकून, नमाज पढून मुले पुन्हा मैदानाकडे निघतात. आता बाटली डिकीतून बाहेर येते आणि मित्र घड्याळ सुरू करतो.