फोर-एल-एटी-ई : ओझ्याचा गिअरबॉक्स

जुन्या शेवरोले पिकअपला नवं इंजिन बसवण्याचा छंद अमेरिकेत गावोगाव आहे. १९६७ ते १९७२ या काळातली एखादी सी-१० घ्यायची, तिचं थकलेलं इंजिन उतरवायचं आणि जनरल मोटर्सच्याच नंतरच्या ट्रकमधलं ६ लिटरचं एलक्यू४ व्ही-८ तिथे चढवायचं. कारखान्यातून हे इंजिन ३०० अश्वशक्तीच्या आसपास निघतं. टर्बो लावून नीट जुळवणी केली की दुप्पट ताकद देतं. महिनोन् महिने चर्चा चालते ती या इंजिनाचीच. गिअरबॉक्सचा विषय निघतो शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत. मला हा क्रम साफ चुकीचा वाटतो. गाडी जड असेल, मागे ट्रेलर लागणार असेल, तर आधी गिअरबॉक्स ठरवावा आणि त्याला झेपेल तेवढंच इंजिन घ्यावं. अशा गाडीसाठी माझी पहिली पसंती फोर-एल-एटी-ई या ऑटोमॅटिकला आहे.

याचं घराणं जुनं आहे. जीएमने १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रामॅटिक आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं होती आणि त्यांच्या जोडीला दोन हायड्रामॅटिक. १९५३ मध्ये मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना आगीत जळाला, तेव्हा जीएमने उत्पादन विलो रनला हलवलं. फोर्डने युद्धकाळात बी-२४ बॉम्बफेकी विमानं बांधली, तोच हा कारखाना. पुढे १९६४ च्या मॉडेलांत टर्बो हायड्रामॅटिक ४०० आला. गिअर तीनच, पण बांधणी इतकी भक्कम की रोल्स-रॉइस आणि जग्वार यांनी तो विकत घेऊन आपल्या गाड्यांत बसवला. फेरारीने १९७६ मध्ये आपली पहिली ऑटोमॅटिक मोटार काढली, तिच्यातही हाच होता. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीतही तो बसवला गेला.

फोर-एल-एटी-ई हा या टर्बो ४०० चा थेट वारस. १९९१ मध्ये तो जीएमच्या ट्रकमध्ये आला. अभियंत्यांनी सिद्ध झालेल्या तीन गिअरच्या संचाला फारसा धक्का लावला नाही. त्याच्या पुढे, तेलपंपाच्या मागे, ओव्हरड्राइव्हचा एक स्वतंत्र ग्रहचक्र-संच बसवला. म्हणून पहिल्या तीन गिअरांची गुणोत्तरं जुनीच राहिली, २.४८, १.४८ आणि १, चौथा ०.७५ चा नवा. या चौथ्याचं मोल हायवेवर कळतं. मागे ४.१० चं क्राउन-पिनियन आणि ३१ इंची टायर असलेला ट्रक ताशी ७० मैलांवर, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरवर, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला ३१०० च्या आसपास फेरे घेतो. चौथ्यात तेच २३३० वर उतरतात. दिवसभर गाडी हाकणाऱ्याच्या कानांना आणि खिशाला हा फरक चांगलाच जाणवतो.

त्याचा खरा प्रतिस्पर्धी घरातलाच आहे, फोर-एल-सिक्स्टी-ई. तो हलका, स्वस्त आणि भंगाराच्या यार्डात ढिगाने मिळणारा. त्याचा पहिला गिअर ३.०६ चा, त्यामुळे गाडी जागची चटकन उठते आणि मालक खूश होतो. दुखणं आत आहे. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचा भार घेणारा क्लच इनपुट ड्रममध्ये अगदी दाटीवाटीने बसवलेला आहे. जाड आणि पुरेशा प्लेटा घालायला तिथे जागाच नाही. भरल्या ट्रेलरसह चढाला थ्रॉटल दाबून धरलं की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. तेलाचा चेंबर उघडला तर तेल काळं पडलेलं, करपट वास येणारं, आणि तळाशी प्लेटांच्या अस्तराचा काळा गाळ साचलेला. कंपनीच्या हिशेबात या गिअरबॉक्सची मर्यादा सुमारे ३६० फूट-पौंड इंजिन टॉर्कची, फोर-एल-एटी-ईची ४४० ची. आकडे वाटतात जवळचे, पण कुशल कारागिराच्या हातून मजबूत करून घेतलेला एटी-ई याच्या कितीतरी पुढे जातो, कारण त्याच्या ड्रममध्ये, शाफ्टमध्ये मुळातच धातू भरपूर आहे. सिक्स्टी-ईवर तेवढाच पैसा ओतला तरी जागेची अडचण सुटत नाही.

मग मूळ टर्बो ४०० च का नको? फक्त ड्रॅग शर्यतीसाठी गाडी असेल तर जरूर घ्या. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, वायरिंग जवळपास नाही. रोजच्या रस्त्यावर मात्र ओव्हरड्राइव्ह नाही आणि टॉर्क कन्व्हर्टरला लॉक-अप नाही, या दोन्ही गोष्टी छळतात. २००६ नंतरचा सहा गिअरचा सिक्स-एल-एटी चांगला आहे, पण त्याचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या पोटातच, तेलात बसलेला. जुन्या इंजिनाशी त्याचं बोलणं जमवणं खर्चिक. ॲलिसन १००० बलदंड खरा, पण डिझेल ट्रकसाठी घडवलेला. सी-१० साठी फार जड.

एटी-ईलाही कॉम्प्युटर हवा. १९९९ नंतरच्या ट्रकमधला, मेकॅनिक लोक ज्याला ०४११ म्हणतात तो, नव्याने प्रोग्राम केला की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सांभाळतो. वीज तुटली तर दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद पडतात आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये राहते. तेलाचा दाब कमाल होतो. म्हणजे गाडी रखडत का होईना घरी येते, आणि प्लेटाही घसरत नाहीत. ज्याने हे ठरवलं त्याला मी मनापासून दाद देतो.

बसवताना सगळ्यात नाजूक काम टॉर्क कन्व्हर्टरचं. तेल भरलेला तो जड गोळा शाफ्टवर ठेवून हलक्या हाताने फिरवायचा. तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो : आधी टर्बाइनच्या खाचा जुळतात, मग स्टेटरच्या, शेवटी पंपाच्या. प्रत्येक वेळी एक ठोस धक्का हाताला कळतो. शेवटचा धक्का न येताच इंजिन जोडून बोल्ट आवळले तर पंप फुटलाच म्हणून समजा. जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर फट राहिली पाहिजे. मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. टर्बो ४०० किंवा जुनं कन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. एलक्यू४ ज्यातलं आहे त्या एलएस घराण्यातल्या बहुतेक इंजिनांची क्रँकची पाठ जुन्या व्ही-८ पेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असते, तिथे स्पेसर लागतो. शिवाय एटी-ई लांब आहे : क्रॉस मेंबर मागे सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट कापून नव्याने बॅलन्स करून घ्यावा लागतो. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केस ३२ दात्यांच्या शाफ्टचाच हवा. सिक्स्टी-ईचा २७ दात्यांचा चालत नाही.

जुना विकत घेणार असाल तर १९९७ किंवा नंतरचाच शोधा. त्या वर्षी कूलरकडून परतणाऱ्या तेलाची जोडणी मागे सरकवली गेली आणि मागच्या गिअर-संचाला थेट तेल मिळू लागलं. विकणाऱ्याला चेंबर उघडून दाखवायला सांगा, तेलाचा वास घ्या. जुना कूलर आणि त्याच्या नळ्या पुन्हा वापरू नका. आधीच्या गिअरबॉक्सचा कीस त्यांत दडलेला असतो आणि तो नव्याचा घात करतो. मोठा कूलर रेडिएटरच्या पुढे लावा, तेलाच्या तापमानाचा काटा डॅशबोर्डवर बसवा आणि ओझं ओढताना तो ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवा. इंजिनावरचा खर्च कमी करावा लागला तरी चालेल, कूलर आणि काटा यांत काटकसर करू नका.