न सुटलेला पाणतीर

सह्याद्रीच्या पूर्वेला, खाऱ्या वाऱ्याचा स्पर्शही न होणाऱ्या पुण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले, त्याला पाणबुडीवरील चित्रपटांचा छंद जडावा, यात वरवर पाहता विसंगती दिसेल. परंतु ज्या शहराच्या वेशीपलीकडे, खडकवासल्याच्या जलाशयातील पीकॉक बे येथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे नौदल-छात्र शिडाच्या होड्या हाकायला शिकतात, आणि ज्याच्या विधि महाविद्यालय रस्त्यावर चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय व चित्रपटविद्येची संस्था ही दोन्ही नांदतात, त्या शहरात समुद्र आणि पडदा यांची गाठ पडणे मला तरी स्वाभाविक वाटते. या चित्रपटांत मला खिळवून ठेवणारी गोष्ट एकच आहे. दोन अधिकारी, दोघेही कर्तव्यनिष्ठ, दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि दोघांच्या मध्ये असा एक हुकूम, की जो पाळला तरी अनर्थ आणि मोडला तरी अनर्थ! जमिनीवरच्या सेनापतीला शंका आली तर वरिष्ठांकडे माणूस धाडता येतो. पाण्याखालच्या कप्तानाला बहुधा तीही सोय नसते, कारण संदेश घ्यायचा तर वर यावे लागते आणि वर यावे तर शत्रूच्या दृष्टीस पडण्याचा धोका पत्करावा लागतो.

टोनी स्कॉट यांच्या १९९५ सालच्या ‘क्रिमझन टाइड’ची कथा वाचकांस ठाऊक असेलच. अण्वस्त्रे सोडण्याचा आदेश आधी पोहोचलेला, त्यानंतरचा संदेश मध्येच तुटलेला, जीन हॅकमनचा कप्तान पहिल्या आदेशाला चिकटून बसलेला आणि डेन्झेल वॉशिंग्टनचा दुय्यम अधिकारी दुसरा संदेश पुरता हाती येईपर्यंत थांबा असे विनवणारा. अमेरिकेच्या नौदलाने या चित्रपटाला साहाय्य नाकारले, हे मला त्याच्या सत्यतेचे प्रशस्तिपत्रच वाटते. कारण आपल्या अधिकाऱ्यांत असा कलह संभवत नाही असे ज्याला छातीठोकपणे सांगता येते, त्याला एका चित्रपटाची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे हा कलह पडद्यावर यायला २०१७ साल उजाडावे लागले. संकल्प रेड्डी दिग्दर्शित ‘द गाझी अटॅक’ १७ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला, तेलुगू आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला, आणि पुढे तेलुगूतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्यातील कप्तान रणविजय सिंग रंगवला तो अंबरनाथ व पुणे येथे वाढलेल्या के. के. मेनन यांनी; नौदलप्रमुखाच्या भूमिकेत होते पुण्याच्याच चित्रपटसंस्थेचे विद्यार्थी ओम पुरी, ज्यांचे देहावसान प्रदर्शनाच्या सहा आठवडे आधी झाले होते; आणि कार्यकारी अधिकारी देवराज साकारला सोलापूरच्या नाट्यवर्तुळातून पुढे आलेल्या अतुल कुलकर्णी यांनी. पाकिस्तानच्या हाती मुलगा गमावलेला, युद्धाची वाट न पाहता शत्रूला बुडवू पाहणारा रणविजय एकीकडे; त्याला आवर घालण्यासाठीच नौदलाने पाठवलेला अर्जुन वर्मा, म्हणजे राणा दग्गुबाती, दुसरीकडे; आणि या दोघांच्या मध्ये, कप्तानाची निष्ठा आणि नियमाची बूज यांच्या ओढाताणीत सापडलेला देवराज. अतुल कुलकर्णींचे या चित्रपटातले मौन मला इतरांच्या संवादांहून मोलाचे वाटते. पूर्वार्धातील त्यांच्या चेहऱ्यावर, वरिष्ठाला विरोध करण्याची हिंमत आणि त्याला एकटे न सोडण्याची माया या दोहोंचे द्वंद्व जितके स्पष्ट उमटले आहे, तितके संहितेतही उतरलेले नाही.

आणि नेमक्या याच जागी चित्रपट कच खातो. रणविजय अर्जुनाला वाचवताना प्राण देतो, आणि त्याच्या मृत्यूबरोबर वादही मरतो. उत्तरार्धात नियम सांगणारा अर्जुनच मृत कप्तानाच्या मार्गाने जातो, राष्ट्रगीताचे स्वर पाण्याखाली घुमतात, पाणतीर सुटतो, ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बुडते. प्रेक्षक समाधानाने उठतात हे खरे. पण जो प्रश्न पहिल्या तासाभरात इतक्या निष्ठेने उभा केला, त्याचे उत्तर एका हुतात्म्याच्या पार्थिवाखाली दडपून टाकले गेले, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

इतिहासात गाझीची गाठ कोणत्याही भारतीय पाणबुडीशी पडली नव्हती. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या शोधात १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कराचीहून निघालेली ही मूळची अमेरिकन पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या मुखाशी बुडाली, आणि तिच्यावरील नव्वदांहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही. ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने टाकलेल्या जलबॉम्बांनी ती फुटली, हे पूर्व नौदल विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांचे म्हणणे. ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने गेली, ही पाकिस्तानची बाजू. आणि बॅटऱ्यांतून निघून साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला असावा, ही शंका आपल्याच अॅडमिरल मिहिर रॉय यांनी ग्रंथात नोंदवलेली. या वादाची रुजुवात करणारे साक्षीदार समुद्रतळाशी असल्यामुळे त्यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

मला शोध घ्यावासा वाटला तो निराळ्याच दिशेने. हा कलह कोठे खरोखर घडला होता काय, आणि घडला असेल तर त्याची कैफियत कोणी लिहून ठेवली आहे काय? शोधता शोधता मी क्यूबाच्या संकटातील ‘बी-५९’ या सोव्हिएत पाणबुडीपाशी येऊन पोहोचलो, आणि तिचा वर्ग वाचून थबकलो. बी-५९ ही प्रकल्प ६४१ची, म्हणजे पाश्चात्त्य जिला ‘फॉक्सट्रॉट’ म्हणतात त्या जातीची. आपल्या नौदलाने १९६७ पासून सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा याच जातीच्या. सुमारे ९१ मीटर लांबीचे तेच पोलादी कवच, तेच डिझेल आणि बॅटऱ्या, तीच कोंदट दालने. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभ्या असलेल्या कुरसुरात शिरणारा मराठी प्रवासी, त्या कलहाच्या रंगभूमीच्याच जुळ्या प्रतिकृतीत शिरत असतो, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

ऑक्टोबर १९६२ मध्ये अशा चार पाणबुड्या उत्तरेच्या थंड समुद्रातून क्यूबाकडे निघाल्या, आणि प्रत्येकीवर एक पाणतीर अण्वस्त्राने सज्ज होता. उष्ण पाण्यात त्यांच्या आतील उष्णता असह्य झाली, पिण्याचे पाणी मोजून मिळू लागले, कर्बवायू वाढून माणसे भोवळ येऊन पडू लागली. २७ ऑक्टोबरला अमेरिकन विनाशिकांनी बी-५९ ला घेरले आणि तिने वर यावे म्हणून सरावाचे स्फोटक गोळे टाकायला आरंभ केला. मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध पेटले आहे की नाही याची वार्ता नाही. कप्तान व्हालेंतिन साव्हित्स्की, राजकीय अधिकारी इव्हान मास्लेनिकोव्ह, आणि पथकाचा अधिकारी म्हणून त्याच पाणबुडीवर असलेला वासिली आर्खिपोव्ह, असे हे तिघे. आर्खिपोव्ह हा त्याच्या आदल्या वर्षी के-१९ या अणुपाणबुडीवर होता, जिथे अणुभट्टीचे शीतन बंद पडले तेव्हा कप्तान झातेयेव्हने बंडाच्या भयाने बरीचशी शस्त्रे समुद्रात फेकून दिली होती. कप्तान आणि त्याचे सहकारी यांच्यातील विश्वास तुटला म्हणजे काय होते, हे त्याने जवळून पाहिले होते.

या रात्रीच्या दोन जबान्या उपलब्ध आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली आहे वादिम ओर्लोव्ह या पाणबुडीवरील रेडिओ-टेहळणी अधिकाऱ्याची, जी २००२ मध्ये हवानातील परिषदेच्या निमित्ताने जगासमोर आली. तिच्यानुसार पाण्याखाली असतानाच, स्फोटांनी आणि गुदमरण्याने भान हरपलेल्या साव्हित्स्कीने अण्वस्त्राचा पाणतीर सज्ज करण्याचा हुकूम दिला आणि आर्खिपोव्हने त्याला शांत केले. जगाला ही कथा भावली, आणि १९९८ साली निवर्तलेल्या आर्खिपोव्हला ‘जग वाचवणारा माणूस’ ही पदवी मरणोत्तर मिळाली.

दुसरी कैफियत खुद्द आर्खिपोव्हची आहे. १९९७ च्या ऑक्टोबरात, मॉस्कोतील एका सभेत त्याने ती सांगितली, आणि इंग्रजी अनुवादातून ती २०२२ मध्ये सर्वांच्या हाती आली. माझ्या दृष्टीने सर्व कथेतील अमूल्य कागद तो हाच. त्यात प्रसंग पाण्याखाली घडत नाही, पाण्यावर घडतो. पाणबुडी वर आलेली, विमाने अगदी मनोऱ्याला घासून जाणारी, प्रखर झोताने डोळे दिपलेले, बाजूला गोळ्यांच्या धारा. अशा वेळी हल्ला झाला असे समजून, विचार न करता, कप्तान तातडीने बुडी मारण्याचा हुकूम सोडू शकला असता. इतिहासकार सेर्ही प्लोखी यांनी २०२१ च्या आपल्या ग्रंथात याच क्षणाची आणखी एक बारकाई जोडली आहे: कप्तानाने बुडी मारण्याचा व पाणतीर सज्ज करण्याचा हुकूम सोडला, पण खाली उतरण्याच्या अरुंद वाटेत संदेशवाहकाचा दिवा अडकला, कप्तानाचा खाली जाण्याचा मार्ग क्षणभर रोखला गेला, आणि तेवढ्या अवधीत अजून वरच असलेल्या आर्खिपोव्हला समोरच्या ‘कोनी’ या विनाशिकेवरून लुकलुकणारा प्रकाश दिसला. तो माफीचा संदेश होता. विमानाच्या आगळिकीबद्दल क्षमा मागण्याचा हुकूम कोनीवरील तरुण संदेशाधिकारी गॅरी स्लॉटर याला त्याच्या कप्तानाने दिला होता, आणि ही आठवण स्लॉटरने पुढे स्वतः लिहून ठेवली.

ओर्लोव्हची कथा नाट्यपूर्ण आहे. तीत एक वीर आहे आणि एक भडकलेला कप्तान आहे. माझा कल मात्र निःसंशय दुसऱ्या कथेकडे आहे, कारण तीत पाणतीर थांबतो तो एका माणसाच्या धैर्यामुळे तितकाच एका अडकलेल्या दिव्यामुळे, आणि शत्रूच्या जहाजावर क्षमा मागण्याची सभ्यता उरली होती त्यामुळेही. ज्याने थोरवी मिरवायची त्या आर्खिपोव्हने स्वतःला वीर म्हणून रंगवण्याचे टाळले, यातच त्याच्या जबानीची विश्वासार्हता मला दिसते.

हाच संयम आपल्या समुद्रातही घडला होता, आणि तोही मुंबईच्या बाहेरच! १९७१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू होण्याच्या आदल्या रात्री ‘हंगोर’ ही पाकिस्तानी पाणबुडी मुंबईनजीक दबा धरून बसली होती, आणि तिचा कप्तान अहमद तस्नीम याने पुढे सांगितल्याप्रमाणे भारताच्या पश्चिम ताफ्याची जहाजे तिच्या डोक्यावरून निघून गेली. युद्ध अद्याप सुरू झाले नव्हते, हल्ल्याचा हुकूम नव्हता, म्हणून तो हलला नाही. अवघ्या आठवड्याने, ९ डिसेंबरला, दीवजवळ त्याच हंगोरने ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडवली, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीची कथा आपण सांगतो, सांगितलीच पाहिजे. परंतु मुंबईबाहेरच्या त्या रात्री, हाती सारे असताना हात आवरून बसलेल्या शत्रूच्या कप्तानाचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या बाजूचे उदाहरण करंजचे. कुरसुरा आणि करंज या दोघी त्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होत्या, आणि नौदलाचे इतिहासकार व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांनी लिहिल्याप्रमाणे, लक्ष्याची ओळख निःसंशय पटल्याखेरीज हल्ला करू नये, असे बंधन आपल्या पाणबुड्यांवर होते. त्या समुद्रात तटस्थ राष्ट्रांची व्यापारी जहाजे ये-जा करत होती. परिदर्शकातून दिसणारी काळी आकृती शत्रूची की परक्या खलाशांची, याचा निर्णय एका डोळ्याने आणि काही क्षणांत करायचा. त्या युद्धात भारतीय पाणबुड्यांनी एकही जहाज बुडवले नाही, म्हणूनच त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही, असे मला वाटते. करंजचे कप्तान कमांडर विजयसिंग शेखावत यांना वीरचक्र मिळाले, आणि १९९३ ते १९९६ या काळात ते नौदलाचे प्रमुख झाले. पुण्याच्या चित्रपटसंस्थेतील एखाद्या विद्यार्थ्याला हा विषय सुचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे: परिदर्शकामागचा कप्तान, त्याच्या पाठीशी अधीर दुय्यम अधिकारी, आणि क्षितिजावर नाव न कळलेले एक जहाज. मुंबईत १० मार्च २०२१ रोजी नवी करंज नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्या समारंभाचे प्रमुख पाहुणे म्हणून शेखावतच उपस्थित होते.