धारवाडचे बासेल मिशन

इंग्रजी दप्तरात ज्या मुलुखाला ‘सदर्न मराठा कंट्री’ हे नाव होते, आणि पेशवाई बुडाल्यावरही कितीतरी वर्षे ज्याच्या कचेऱ्यांतून मराठीतच कागद रंगत होते, त्या धारवाडात १८३७ साली बासेल मिशनचे लोक येऊन राहिले. स्वित्झर्लंडातील बासेल शहरी १८१५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले प्रचारक १८३४ त मंगळुरास उतरले होते. धारवाडामागून १८३९ त हुबळी आणि १८४१ त बेटगेरी असा त्यांचा पसारा वाढत गेला. यांतले पुष्कळजण वुर्टेम्बर्गकडील शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरचे; त्यामुळे पुस्तकाइतकीच हाताच्या कामाचीही त्यांना आस्था होती, आणि आपल्या विद्यार्थ्याने उपदेशक व्हावे त्याचबरोबर त्याला अंगमेहनतीची लाजही वाटू नये, असा त्यांचा कटाक्ष असे.

धर्मांतर केलेल्या माणसाचे जातीबरोबर पोटही जात असल्यामुळे मिशनला विणकामाच्या मागावर आणि पुढे १८६५ त कौलांच्या कारखान्यावर हात घालावा लागला. गदगजवळ मळसमुद्र येथे मांडलेली शेतीची वसाहत मात्र टिकली नाही.

विद्यार्थी घडवण्याचा या लोकांचा मार्ग पाहायचा तर हेर्मान म्योग्लिंग यांच्याकडे पाहावे. १८३६ त आलेल्या या विद्वानाने मंगळुरास मुलांची शाळा घातली, आणि गुरुजींचे ताट निराळे, मुलांचे निराळे हा भेद न ठेवता तो त्यांच्यातच राहिला. साहेबाचा बंगला ही ज्या काळी एक वेगळीच दुनिया होती, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. त्यांच्या शिष्यांपैकी आनंदराव कौंडिण्य हा सारस्वत तरुण १८४४ त बाप्तिस्मा घेऊन बासेलला शिकला, १८५१ त दीक्षित पाळक झाला आणि परत येऊन स्वतः शिकवू लागला. त्याने घर सोडले तेव्हा घरच्यांवर काय प्रसंग गुदरला असेल, हे मिशनच्या आनंदाच्या भरात विसरले जाते. ते विसरू नये, असे मला वाटते.

मराठी वाचकाला किंचित बोचेल अशी गोष्ट ही, की या मंडळींनी कचेरीची मराठी बाजूला ठेवून रयतेची कानडी जवळ केली. १८५३ त आलेले फर्डिनांड किट्टेल यांनी तर पुढची चाळीस वर्षे या भाषेला वाहिली. १८६२ साली त्यांनी ‘कथामाले’मध्ये ख्रिस्तचरित्र कानडी छंदांत गुंफले, रेव्हरंड टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर कितीतरी दशकांनी सुरू झाले. १८९४ त प्रसिद्ध झालेला त्यांचा कानडी-इंग्रजी कोश सतराशेहून अधिक पानांचा, सुमारे सत्तर हजार शब्दांचा. त्याचे कोणतेही पान उघडावे: शब्दापुढे तो म्हैसूरकडचा की या ‘सदर्न मराठा’ मुलुखातला, हे सांगणारी आखूड खूण असते; कुठे मराठीशी असलेले नाते नोंदलेले, कुठे तोंडी चाललेली एखादी म्हण. बाजारातल्या माणसाच्या तोंडचा शब्द पंडिताच्या शब्दाशेजारी निमूटपणे बसलेला पाहिला की शाळेच्या कोणत्याही नियमावलीपेक्षा अधिक काही कळते; दुसऱ्याला शिकवू पाहणारा हा मनुष्य त्याच्याच दारी आयुष्यभर विद्यार्थी होता.

पण मिशनने दिलेल्या शिक्षणाची खरी कसोटी लागली ती १९१४ त. महायुद्ध पेटताच जर्मन प्रचारक शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची रवानगी आपल्या अहमदनगरच्या छावणीत झाली. आजवर ज्यांच्या इशाऱ्याने वर्ग भरत आणि प्रार्थना होत, तेच एकाएकी नाहीसे झाल्यावर पुष्कळशी राहाटी देशी शिक्षकांच्या आणि पाळकांच्या अंगावर पडली. इतकी वर्षे त्यांना साहाय्यक म्हणवून घेण्याची सवय लावण्यात आली होती, आणि याबद्दल मिशनला दोष द्यावा लागेल. तरीही वर्ग भरत राहिले.

बासेल मिशनच्या धारवाडातील हायस्कुलात पुढे ख्रिस्ती नसलेली मुलेही पुष्कळ येत गेली. माथेरानला जन्मलेले, घरी कोंकणी बोलणारे गिरीश कार्नाड त्यांतलेच एक. किट्टेल यांच्या नावाचे महाविद्यालयही धारवाडातच आहे, आणि कानडीवर जन्मभर राबलेल्या त्या जर्मनाचे नाव तेथील मुले कानडी उच्चारात, अगदी घरचे असल्यासारखे घेतात.