नोटेवरचा तारा आणि कोडमधला असर्ट

आजोळ धारचं, मामा देवासला, मध्ये इंदूर. देवासच्या बँक नोट प्रेसमुळे मामाला नोटा न्याहाळायची सवय. दिवाळीत त्याने मला दहाची नोट दिली. अक्षरं आणि आकडा यांच्यामध्ये छोटा तारा. ‘खोटी नाही रे, बदली नोट आहे ही!’

छापताना एखादी नोट बिघडली, तर तिच्या जागी ताऱ्याची नोट घालतात. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये ही पद्धत १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांसाठी सुरू केली. पाकिटात नोटा शंभरच, फक्त क्रम तुटतो, आणि तसं पाकिटाच्या पट्टीवर छापलेलं असतं. म्हणजे चूक लपवली नाही आणि काम अडलंही नाही.

मला आठवला माझा सी भाषेतला ग्रंथालय-प्रकल्प. असर्ट म्हणजे प्रोग्रामला घातलेली अट: इथे अमुक खरं असलंच पाहिजे. नसेल, तर फाईल आणि ओळ सांगून प्रोग्राम जागीच मान टाकतो. अंतिम आवृत्तीत ‘एनडीबग’ लिहिलं की सगळे असर्ट गायब. मी शहाण्याने नोंदी वाचण्याचं कामच असर्टच्या कंसात लिहिलेलं! असर्टबरोबर तेही गेलं. सरांसमोर पडद्यावर आलं, ‘एकूण पुस्तके: ०’. एरर नाही, काही नाही.

मग मी तपासणीचा मॅक्रो लिहिला. अट फसली की तो फाईल, ओळ आणि कारण नोंदवतो, ‘गोटू’ने फंक्शनच्या शेवटी उडी मारतो, तिथे उघडी फाईल बंद होते, मेमरी परत जाते आणि बोलावणाऱ्याला चुकीचा कोड मिळतो. एनडीबग त्याला हात लावत नाही. साधं फंक्शन का नाही? कारण फंक्शनला बाहेरच्या फंक्शनमध्ये उडी मारता येत नाही, आणि ओळ क्रमांकही त्याचा स्वतःचाच येईल. मॅक्रो मात्र वापरतो त्याच जागी उलगडतो. (तो ‘डू-व्हाइल शून्य’मध्ये गुंडाळायचा, नाहीतर पुढचा ‘एल्स’ भलत्याच ‘इफ’ला चिकटतो. एक रात्र गेली यात.)

लिनक्सच्या गाभ्यातही हा भेद आहे: ‘बग-ऑन’ काम तिथेच मारतो, ‘वॉर्न-ऑन’ बोंब ठोकून पुढे जातो.

तरी असर्ट टाकाऊ नाही. फाईल न सापडणं, डिस्क भरणं हे घडणारच, तिथे तपासणी. पण माझ्याच हिशोबात पुस्तकांची संख्या उणे आली, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. तिथे मी असर्टच ठेवलाय, कंसात फक्त तुलना.