मस्टँगचे घोडे मोजताना

ताम्हिणी घाटातून एखादी मस्टँग गुरगुरत गेली की मुळशीतली पोरं पहिला प्रश्न विचारतात, "किती घोडे?"

२०१६ साली भारतात आलेल्या मस्टँग जीटीचं उत्तर होतं ४०१ पीएस. तेच ५ लिटरचं व्ही-८ अमेरिकेत ४३५ हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं जायचं. त्यात पीएस हा मेट्रिक घोडा, जरा लहान चणीचा! ४०१ पीएसचे बीएचपी भरतात ३९५ च्या आसपास.

जुन्या अमेरिकी मसल कारचा कारभार तर याहून न्यारा. जाहिरातीत छापायचे ग्रॉस आकडा. म्हणजे इंजिन स्टँडवर बांधलेलं. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. शेवरलेच्या ४५४ घनइंची एलएस५ इंजिनाचे १९७१ मधले आकडे बघा: ग्रॉस ३६५, नेट २८५. इंजिन एकच, ८० घोडे फक्त कागदावरचे! १९७२ पासून तिकडे नेट आकडाच रूढ झाला.

नेट आकडाही फ्लायव्हीलवरचा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपापला वाटा घेतात, मग चाकांवर डायनो लावला की साधारण १५ टक्के गळालेले दिसतात.

आणि आपली हवा. मुळशी धरणाचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्का ताकद गमावतं. म्हणजे ४०१ मधले वीस-पंचवीस घोडे इथल्या विरळ हवेतच जिरले. टर्बोवाल्यांना हा फटका फारसा बसत नाही, पण हे व्ही-८ वाल्यासमोर बोलू नये.